बंद करायची तार

अविनाशला वाकडं काही खपायचं नाही. माणसांतलं वाकडेपण त्याला आयुष्यभर कळलं नाही, ते सोडा; मी भिंतीवरच्या तसबिरींबद्दल बोलतेय. लोकांच्या घरी गेला तरी चहा यायच्या आत उठून त्यांचं कॅलेंडर सरळ करायचा. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून खुर्चीत पडलेला असताना हाताने कसल्याशा खुणा करायला लागला. डॉक्टर घाबरले, दुखतंय का विचारलं. दुखतंय कसलं, समोरच्या भिंतीवर त्यांचं सर्टिफिकेट तिरकं लागलं होतं! मी इतकी चिडले होते की रिक्षात त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. आता आमच्या घरातली प्रत्येक तसबीर तिरकी आहे, त्याची स्वतःचीसुद्धा, आणि मी ती सरळ करत नाही.

मी सुमती. पनवेलच्या पोस्टात काउंटरवर बसून नोकरी काढली, त्यामुळे आवाज चढा आणि सबुरी कमी. अविनाश माझा नवरा. मुंबईला मोठ्या विमानांच्या देखभालीवर इंजिनिअर होता. आणि बद्रूभाई, म्हणजे बद्रुद्दीन, हे त्याचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी कुवेतला इमारतींचं वायरिंग करण्यात हयात घालवली आणि उतारवयात पनवेलला परत आले. दोघं रिकामे झाले आणि दोघांना एकदमच खूळ लागलं.

कुठल्याशा बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबचं एक पुष्पक विमान भंगारात निघालं होतं. आपल्याच देशात बनलेलं, दोन माणसांचं, जवळजवळ माझ्याच वयाचं. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, पुढे एक इंजिन आणि लाकडी पंखा. या दोघांनी ते उचललं. ट्रकमधून धड एकीकडे, पंख एकीकडे असं ते बद्रूभाईंच्या वडिलांच्या बंद भातगिरणीत येऊन पडलं. मी म्हटलं, हे भूत इथून हललं नाही तर मी माहेरी निघून जाईन. माहेरी आता माझं कुणी उरलं नाही हे अविनाशला ठाऊक होतं, त्यामुळे तो नुसता हसला.

आणि बघता बघता मीच पंखांचं कापड शिवायला बसले, आता बोला! पंख एका कडेवर उभा करून ठेवायचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. मी मेण लावलेल्या दोऱ्याची लांब सुई आरपार ढकलायची, त्याने पलीकडून ती मला परत ढकलायची. मधे कापड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. तेव्हा आम्ही जेवढं बोललो तेवढं लग्नानंतर कधीच बोललो नव्हतो. लहानपणी त्याला अंधाराची भीती वाटायची, हे मला त्या कापडाच्या पलीकडून कळलं.

विमान उडवायचं नव्हतंच. तेवढ्या परवानग्या कुणाच्या बापाला मिळणार होत्या? इंजिन चालावं, पंखा फिरावा, गिरणीच्या अंगणात जरा आवाज व्हावा, एवढंच त्यांचं स्वप्न. ते पुरंही झालं. गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात इंजिन सुरू झालं आणि हे दोघं म्हातारे अंगणात लहान पोरांसारखे नाचले. पण जुन्या तारांचं रबर हातात भुगा होऊन येत होतं. आग लागेल म्हणून ठरलं की सगळं वायरिंग नव्याने करायचं. आणि वायरिंग म्हटलं की बद्रूभाई.

दरवर्षी दसऱ्याला आम्ही त्या विमानाची पूजा करायचो. झेंडू बद्रूभाई आणायचे, कारण फुलवाला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसतो. हार मी ओवायचे. त्यांची बायको, आमच्या हुस्नाभाभी, शेवया करून पाठवायच्या. त्या दसऱ्याला मी गिरणीच्या पायरीवर बसून हार ओवत होते. बद्रूभाई म्हणाले, "अव्या, इंजिनाकडे जाणाऱ्या सगळ्या जुन्या तारा काल काढून टाकल्या मी. स्विचच्यासुद्धा. आता बिनघोर पूजा कर."

अविनाश म्हणाला, "बरं केलंस."

तो पंख्याकडे बघत होता. पंखा तिरका थांबलेला होता, एक टोक वर, एक खाली. "याला हार कसा बसणार?" म्हणाला. "वाकडा आहे." आणि पंखा आडवा करायला त्याने पात्याला हात घातला आणि ओढलं.

इंजिन एकदा खोकलं. एकदाच. पंखा अर्धा-पाऊण वेढा फिरला आणि परत थांबला, जसं काही झालंच नाही. मधे अविनाश होता. पुढचं मी सांगणार नाही. हार माझ्या मांडीवर होता, सुई दोऱ्यातच होती, एवढं आठवतं.

त्या वेळी आम्हाला कुणालाच कळलं नाही की झालं काय. तारा काढलेलं इंजिन सुरू होतंच कसं? बाराव्याला प्रणित आला. अविनाशच्या हाताखाली शिकलेला इंजिनिअर, आता स्वतःच दुसऱ्यांना शिकवतो. त्याने मला समजावून सांगितलं. घरात काय असतं, तार काढली की दिवा मेला. विमानाच्या या इंजिनाचं उलटं आहे. ते बाहेरून वीज घेतच नाही. त्याच्या पोटात मॅग्नेटो नावाचा डबा असतो, पंखा फिरला की तो स्वतःच ठिणगी तयार करतो. त्याला गप्प बसवायचं काम एका तारेचं. स्विच बंद केला की ती तार ठिणगीची वीज सांगाड्यात सोडून देते, म्हणून इंजिन बंद. खरं तर मॅग्नेटो दोन आणि तारा दोन असतात, पण तुम्ही एकच धरा. ती तार काढली, तर स्विच बंद असो नाहीतर चालू, इंजिन जिवंतच. शिवाय आत घोटभर पेट्रोल राहिलेलं असलं की झालं.

"म्हणून आम्ही तार काढली की पंख्याला लाल फडकं बांधतो, काकू," प्रणित म्हणाला. "आणि फडकं नसलं तरी पंखा जिवंत आहे असंच धरून चालतो. हे मला सरांनीच शिकवलं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला मात्र रडू आलं नाही. मला संताप आला. कुणाचा ते तेव्हा धड कळलं नाही.

बद्रूभाईंना हे प्रणितने आधीच सांगितलं होतं. ते ऐकून बद्रूभाई सरळ पोलीस चौकीत गेले आणि म्हणाले, माझी चूक आहे, मी तार काढली होती, लिहून घ्या. तिथल्या साहेबाने विचारलं, "चाचा, तार काढली म्हणजे बंदच झालं ना?" बद्रूभाईंनी परत सगळं समजावलं. साहेब म्हणाला, "तुम्हाला धक्का बसलाय, घरी जा, आराम करा." आणि अपघात म्हणून प्रकरण मिटलं. आमचा सत्यजीत, माझा मुलगा, खारघरला टॉवरमध्ये राहतो, शहाणा आहे. तोही म्हणाला, "काका, तुमचा काही दोष नाही." सगळेच म्हणाले. मी एकटी काही म्हणाले नाही. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

मधे वर्ष गेलं. इथलं नवं विमानतळ सुरू झालं. अविनाश रोज पेपरात त्याची बातमी शोधायचा, उद्घाटन कधी, पहिलं विमान कधी, आणि मेलं ते सुरू झालं तेव्हा हा नाही. आता दिवसभर डोक्यावरून विमानं जातात. प्रत्येक वेळी मला वाटतं की तो गॅलरीत जाऊन वर बघत कुठलं आहे ते सांगेल. गॅलरीत कपडे वाळत असतात.

या भाद्रपदात हुस्नाभाभी आल्या. एकट्याच, बुरख्याची टोकं सावरत जिना चढून, धापा टाकत. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

"सुमतीताई, तुम्हाला म्हणून सांगते. ते घरातला बल्बसुद्धा बदलत नाहीत आता. बटणाला बोट लावत नाहीत. संध्याकाळची मगरीबची नमाज झाली की अंधारात बसून राहतात. मी येऊन दिवा लावीन तेव्हा दिवा. छताचा पंखासुद्धा मीच लावायचा. एवढी गरमी झाली, घामाने निथळत बसले होते, पण उठले नाहीत."

"मग मी काय करू?" मी म्हटलं. माझा आवाज चढलाच.

"तुम्ही त्यांच्याशी एकदा बोला."

"काय बोलू? माफ केलं म्हणू? नाही केलं मी माफ. खोटं कशाला बोलू?"

हुस्नाभाभींनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तेच बोला, ताई. पण बोला."

त्या गेल्यावर मी पोळ्या करायला घेतल्या आणि तीन पोळ्या करपवल्या.

त्याच आठवड्यात सत्यजीतचा फोन. विमानतळाजवळ एक मोठं हॉटेल होतंय, त्यांना दारात टांगायला जुनं विमान हवंय. छान रंगवतील म्हणे, लोक फोटो काढतील. वजन कमी व्हावं म्हणून इंजिन तेवढं काढून भंगारात देतील. "आई, गिरणीत सडण्यापेक्षा बरं ना? दसऱ्यानंतर ट्रक येईल." मी हो म्हटलं. खरंच बरं होतं. त्या विमानाचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती.

पण इंजिन जाणार म्हटल्यावर माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. कसं सांगू? वर्षभर मी गॅस बंद करत होते, मिक्सर बंद करत होते, बाथरूमचा नळ बंद करत होते. आणि प्रत्येक वेळी मनात यायचं, हे बघ, बंद केलं की बंद होतं. सगळं होतं. जगात एकच वस्तू बंद झाली नाही. आता ती भंगारात जाणार आणि कायमची तशीच राहणार, बंद न झालेली. ते इंजिन सुरू झालेलं मला नको होतं. मला ते एकदा बंद झालेलं बघायचं होतं. स्विच फिरवला आणि इंजिन गप्प झालं, एवढं. आणि ती तार बद्रूभाईंनीच जोडायला हवी होती. प्रणितने पटकन जोडली असती, पण मला प्रणितने जोडलेली नको होती.

मी मोहल्ल्यात त्यांच्या घरी गेले. संध्याकाळ होती, खोलीत दिवा नव्हता. बद्रूभाई खाटेवर बसले होते. केवढे उतरले होते! दाढी पांढरीफेक, मनगटं काटक्यांसारखी. मला बघून धडपडत उभे राहिले.

"मी भांडायला आलेय," मी म्हटलं.

"बसा वहिनी. तुमचा हक आहे."

मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. "सगळे तुम्हाला सांगतात, तुमची चूक नाही, नशीब होतं, वेळ आली होती. खोटं आहे ते. तुमची चूक होती. ज्या मशीनचं आपल्याला कळत नाही, त्याच्या तारेला हात लावायच्या आधी विचारायचं असतं. तुम्ही विचारलं नाहीत. काढून मोकळे झालात. आणि माझा नवरा गेला."

हुस्नाभाभी दारात उभ्या होत्या, त्यांनी ओढणी तोंडात धरली. मला वाटलं आता बद्रूभाई कोसळतात. पण डोक्यावरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे खाली आले. ते हळूच खाटेवर बसले.

"वहिनी, वर्षभर हे कुणी बोललं नाही मला. पोलिसांना सांगितलं, त्यांनी घरी पाठवलं. सत्यजीतला सांगितलं, तो पाठीवर हात ठेवून गेला. मौलाना म्हणाले, अल्लाची मर्जी. एवढं मोठं केलंय मी, आणि कुणी घ्यायलाच तयार नाही. मी ते घेऊन कुठे जाऊ?"

"मी घेतलं," मी म्हटलं. "आता दुसरं ऐका. चूक एकट्या तुमची नव्हती. तुम्ही स्विचच्या तारा काढल्या म्हणालात, ते अविनाशने ऐकलं होतं. मी तिथेच होते. तो म्हणाला, बरं केलंस! जन्मभर दुसऱ्यांना पंखा जिवंत समजा, पंखा जिवंत समजा म्हणून डोकं खाणारा माणूस, म्हणतो बरं केलंस! का? तर पंखा वाकडा दिसत होता म्हणून. हार नीट बसणार नाही म्हणून. मला त्याचा इतका राग येतो ना बद्रूभाई, की धड रडूसुद्धा येत नाही."

"अव्याला नका बोलू काही," ते म्हणाले.

"बोलणार. माझा नवरा आहे तो."

मग मात्र माझा आवाज फुटला, आणि मी बसले. हुस्नाभाभींनी दिवा लावला. थोड्या वेळाने मी त्यांना सांगितलं, मला काय हवंय ते. इंजिन जायच्या आधी ती तार जोडायची, तुम्ही जोडायची, इंजिन सुरू करायचं आणि तुम्ही ते बंद करायचं.

"माझ्याने नाही होणार, वहिनी."

"होणार. नाही झालं तर मी रोज येऊन भांडेन, हे लक्षात ठेवा. मी पोस्टात काउंटरवर बसलेय, मी दमत नाही."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

दसऱ्याच्या आधल्या रविवारी सकाळी आम्ही गिरणीत जमलो. दार उघडल्यावर आत तोच वास, तेलाचा आणि जुन्या तुसाचा. पंखांवर धूळ बसली होती. मी शिवलेला टाका न् टाका धुळीखालून दिसत होता. प्रणित आधीच आला होता. त्याने पेट्रोल काढून टाकलं, इंजिन तपासलं, आणि मग अविनाशची हत्यारांची पेटी उघडली. पेटीच्या तळाशी लाल कापडाच्या चिंध्या निघाल्या, नीट गुंडाळून ठेवलेल्या. माझ्या जुन्या लाल साडीच्या होत्या. ती साडी कुठे गेली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं आणि हा माणूस शपथेवर सांगत होता की त्याला माहीत नाही.

मी एक चिंधी घेतली आणि पंख्याच्या पात्याला बांधली. हलवलं नाही पातं, नुसती बांधली.

बद्रूभाई इंजिनाशी उभे राहिले. प्रणितने नवी तार दिली, कुठून कुठे न्यायची ते दाखवलं. बद्रूभाईंनी तार हातात घेतली, पण तिचं टोक काही जागेवर टेकेना. प्रणित पुढे सरकला. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. बद्रूभाईंनी डोळे मिटले, पुटपुटत काहीतरी म्हटलं, आणि परत टोक धरलं. या वेळी प्रत्येक गोष्ट विचारत होते. "हे इथेच ना? एवढं घट्ट पुरे? इथे घासणार नाही ना?" प्रणित प्रत्येकाला उत्तर देत होता. मी बाजूला स्टुलावर बसून ऐकत होते. तेव्हा विचारलं असतं तर, तेव्हा विचारलं असतं तर, असं माझ्या डोक्यात सारखं चाललं होतं, आणि त्याला माझा इलाज नव्हता.

तार जोडून झाली. प्रणितने बल्ब लावून तपासली, मग बद्रूभाईंकडून तपासून घेतली. "ठीक आहे," म्हणाला.

विमान अंगणात ढकललं. शेपूट जांभळाच्या झाडाला दोराने बांधली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. सत्यजीत आला होता. येताना कपाळाला आठ्या होत्या, "आई, हे काय नवीन काढलंस?" म्हणून, पण बद्रूभाईंना विमानात चढताना बघितलं आणि आग विझवायचा सिलिंडर उचलून बाजूला उभा राहिला. मी बद्रूभाईंच्या शेजारच्या खुर्चीत चढून बसले. गुडघे कुरकुरले. ते अविनाशच्या जागेवर बसले होते, पण त्याबद्दल मला काही वाटलं नाही. कुणीतरी बसायचंच होतं.

प्रणितने टाकीत थोडं ताजं पेट्रोल घालून ते इंजिनात सोडलं आणि पंख्यावरची चिंधी सोडून माझ्या हातात दिली. समोर उभा राहून ओरडला, "स्विच बंद?"

बद्रूभाईंनी स्विचकडे बघितलं, परत बघितलं. "बंद."

प्रणितने पात्याला हात घातला आणि ओढलं. मी चिंधी मुठीत आवळली आणि डोळे मिटून घेतले. इंजिनातून एक टक असा आवाज आला. बस्स. मी डोळे उघडले तर प्रणित उभा होता, त्याचं डोकं, त्याचे हात, सगळं जागच्या जागी. त्याने अजून दोनदा ओढलं. काही झालं नाही.

"स्विच चालू?"

"चालू."

या वेळी ओढल्याबरोबर इंजिन धडाडलं. पंखा दिसेनासा झाला. सगळं विमान हादरायला लागलं, गिरणीचे पत्रे थडथडायला लागले, धूळ उडाली, कावळे ओरडत उडाले. हुस्नाभाभी जांभळाखाली दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. मला वाटलं होतं, या आवाजात मला अविनाश आठवेल, त्याचं ते अंगणातलं नाचणं आठवेल. कसलं काय. मला नुसती भीती वाटत होती. तो आवाज मला एक क्षणही नको होता.

बद्रूभाईंनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. करू?

"करा!" मी ओरडले.

त्यांचा हात स्विचपाशी गेला आणि तिथेच थांबला. माझा हात शिवशिवत होता. पुढे करून फिरवून टाकावा आणि संपवावं एकदाचं. पण ते त्यांचं काम होतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

त्यांनी स्विच फिरवला.

इंजिन गप्प झालं. आधी पंखा धुरकट दिसायला लागला, मग त्याची पाती दिसली, मग तो थांबला. कुठे खोकला नाही, आढेवेढे नाहीत. मनगट एवढंसं फिरवलं आणि बंद.

एवढंच होतं. गेल्या दसऱ्याला ही तार जागेवर असती तर अविनाशने पंखा आडवा केला असता, हार घातला असता, दोन पावलं मागे जाऊन बघितलं असतं, परत येऊन आणखी जरासा सरळ केला असता, आणि मी म्हटलं असतं, पुरे झालं आता, शेवया गार होतायत. आम्ही शेवया खाल्ल्या असत्या. एवढंच होतं हो! मला वाटलं होतं, ते बंद झालं की माझ्या जिवाला थंडावा मिळेल. तसं काही झालं नाही. मी त्या विमानात बसून मोठमोठ्याने रडले, वर्षाचं सगळं रडले, आणि शेजारी बद्रूभाई स्विच मुठीत धरून तसेच बसून रडत होते.

खाली उतरल्यावर बद्रूभाई गिरणीत गेले आणि पिशवी घेऊन आले. पिशवीत झेंडूचा हार होता. सकाळपासून लपवून ठेवला होता, मी चिडेन म्हणून. मी वर्षभर झेंडू घरात आणला नव्हता.

ते हार घेऊन पंख्यासमोर उभे राहिले. पंखा तिरका थांबला होता, एक टोक वर, एक खाली. त्यांनी हार एका हातात घेतला, आणि त्यांचा दुसरा हात आपसूक पात्याकडे गेला.

"हात लावू नका!" मी अशी किंचाळले की सत्यजीतच्या हातातला सिलिंडर पडला.

बद्रूभाईंनी हात मागे घेतला.

"राहू दे वाकडा," मी म्हटलं.

त्यांच्या हातातला हार मी घेतला आणि पंख्याच्या वरच्या टोकावरून अलगद सोडला, पात्याला धक्का न लावता. तो घसरत मधोमध येऊन अडकला आणि एका बाजूला लोंबत राहिला. अविनाशला ते मिनिटभरही बघवलं नसतं. आम्ही सगळे तो तसाच बघत उभे राहिलो.